एका लाइनीवर तीन आवाज

सुकन्यानं घरात कुणालाही न विचारता फोनवर हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र घरात काय सांगायचं याचा विचार सुरू झाला.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान असलेल्या घरातली ती सून. नवरा श्रीशैल आणि सासरे महादेवप्पा सकाळीच मोंढ्यात जात. घराला लागूनच त्यांचं गोदाम होतं. सुकन्या घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करायची. या कंपनीनं जनावरांच्या आजारांसाठी हेल्पलाइन काढली होती. कुणाची गाय, कुणाची म्हैस आजारी पडली की फोन यायचा. फोन घेणारीनं त्या माणसाच्या बोलीत सगळं विचारून घ्यायचं, हैदराबादच्या डॉक्टरला त्याच फोनवर घ्यायचं आणि डॉक्टरचं म्हणणं पुन्हा त्याला नीट समजेल असं सांगायचं. सुकन्याच्या घरात कन्नड बोलली जायची, म्हणून बिदरकडचे फोन तिच्याकडे येत.

कंपनीचे अमरेश सर त्या दिवशी फोनवर म्हणाले होते की महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेवरचे सगळे फोन आता एकाच ठिकाणाहून घ्यायचे ठरलंय. कन्नड, तेलुगू आणि मराठी, तिन्ही बोलणाऱ्या बायका एका खोलीत हव्यात, म्हणजे फोन एकीकडून दुसरीकडे देता येतो. असं केंद्र तुम्ही उदगीरला उभं करू शकता का, नाहीतर ते काम दुसऱ्या शहरात जाईल आणि तुमचंही त्याबरोबर जाईल.

सुकन्याच्या डोळ्यांपुढे लगेच दोघी आल्या. एक पुनम, गल्लीतच राहणारी. तिचं माहेर देगलूरचं, तेलुगू अशी बोलायची की तिकडचे पाहुणे तिला आपल्यातलीच समजायचे. दुसरी लुंबिनी. ती एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर होती, संस्था बंद झाल्यापासून घरी होती. मराठी आणि इकडची दखनी हिंदी, दोन्हींत ती कुणालाही बोलतं करायची. दोघींकडे स्वतःचा लॅपटॉप होता. सुकन्याकडे वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली होती. नव्हती ती एकच गोष्ट, वेगळं इंटरनेट. घरात एकच लाइन होती. नवी मिळते का म्हणून विचारलं तर लाइनवाला म्हणाला, तुमच्या गल्लीच्या डब्यात जागाच नाही, पावसाळ्यानंतर बघू.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. सासूबाई कमलम्मा, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणायचं, त्यांनी पुनम आणि लुंबिनीची चौकशी केली आणि बरं म्हणाल्या. श्रीशैल म्हणाला, करून बघ. महादेवप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"घरात लाइन एक हाय," ते म्हणाले. "तिच्यावर दुकानाच्या हिशेबाचा कॉम्प्युटर हाय, टीव्ही हाय, गोदामाचे कॅमेरे हायेत. आता तिच्यावरच तीन बायका बोलणार. एकीचं तरी धड ऐकू येईल का?"

"येईल, अप्पा," सुकन्या म्हणाली. ते कसं येईल हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिली तालीम फजितीची झाली. तिघी वरच्या खोलीत आपापले लॅपटॉप उघडून बसल्या, हैदराबादच्या ओळखीच्या मुलींना खोटे फोन करायला सांगितले आणि कामाला लागल्या. पुनमला समोरचीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. लुंबिनीचं अर्धं वाक्य पोचायचं, अर्धं वाटेत राहायचं. सुकन्याचा फोन तर तुटलाच. लुंबिनी हसत सुटली, तिला बघून पुनमही हसली. सुकन्याला हसू आलं नाही. तिला अमरेश सरांचा आवाज आठवत होता. येत्या आठवड्यात ते स्वतः येऊन बघणार होते.

त्या दोघी गेल्यावर ती आपला लॅपटॉप घेऊन घरभर फिरली. खाली दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी राउटर होता, त्याच्या जवळ बसलं की सगळं स्वच्छ. जिन्यात आलं की कमी. वरच्या खोलीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पहिला दोष लाइनीचा नव्हता, मधल्या स्लॅबचा आणि जाड भिंतींचा होता. वायफाय वर पोचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती श्रीशैलबरोबर बाजारात गेली आणि लांब तार आणि एक छोटा स्विच घेऊन आली. स्विच म्हणजे एक तळहाताएवढी डबी, तिला खालून एक तार आणायची आणि तिच्यातून तिन्ही लॅपटॉपना एकेक तार द्यायची. तार जिन्यावरून नेली तर सगळ्यांच्या पायांत येणार होती, म्हणून सुकन्यानं ती खिडकीतून बाहेर काढली, भिंतीला खिळ्यांनी बसवत वर नेली आणि वरच्या खिडकीतून आत घेतली. श्रीशैल शिडीवर आणि ती खालून सांगणारी. येणारे-जाणारे थांबून बघत होते. महादेवप्पा मोंढ्यातून आले तेव्हा त्यांनी भिंतीवरची सरळ रेघ बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि आत गेले. भिंत नुकतीच रंगवलेली होती, ते सुकन्याला माहीत होतं.

तारेनं मोठा फरक पडला. तिघींचे आवाज लख्ख यायला लागले. पुनमनं तर टाळीच दिली. पण थोडा वेळ गेला आणि पुन्हा तेच. समोरच्याचं त्यांना नीट ऐकू यायचं, त्यांचं बोलणं मात्र समोरच्याला तुटक तुटक जायचं.

सुकन्या आता चिडली नाही. येतंय ते नीट येतंय, जातंय ते अडतंय, म्हणजे घरातलं आणखी काहीतरी सारखं बाहेर पाठवून राहिलंय, असं तिनं त्या दोघींना सांगितलं. मग एकेक वस्तू बंद करून बघायचं ठरलं. लुंबिनी वर बोलत राहिली आणि सुकन्या खाली. टीव्ही बंद केला, फरक नाही. दुकानाचा कॉम्प्युटर बंद केला, फरक नाही. घरातले मोबाइल वायफायवरून काढले, थोडं बरं वाटलं. शेवटी तिनं गोदामाच्या कॅमेऱ्यांची तार राउटरमधून उपसली आणि वरून लुंबिनीनं ओरडून सांगितलं की एकदम साफ झालं.

तेवढ्यात सुकन्याचा फोन वाजला. मोंढ्यातून महादेवप्पा होते.

"गोदाम दिसंना गेलंय. कोण शिरलं का घरात?"

गेल्या वर्षी गोदामातून सोयाबीनची पोती चोरीला गेली तेव्हापासून त्यांनी सगळीकडे कॅमेरे बसवले होते. ते कॅमेरे रात्रंदिवस सगळं चित्र कॅमेरा कंपनीच्या साठ्यात पाठवत राहायचे, आणि महादेवप्पा गादीवर बसल्या बसल्या फोनमध्ये आपलं गोदाम बघायचे. मोंढ्यात कुणी आलं की त्यालाही दाखवायचे.

सुकन्यानं तार परत लावली आणि त्यांना खरं ते सांगितलं. संध्याकाळी ते आले तेव्हा ती चहा घेऊन त्यांच्यासमोर बसली. कॅमेरे बंद करायचे नाहीत, हे तिनं आधी सांगितलं. चित्र घरातल्याच रेकॉर्डरच्या डब्यात साठवता येतं, ते सगळं बाहेर पाठवायची गरज नाही. तुम्ही फोन उघडाल तेव्हाच, आणि तुम्हाला बघायचं तेवढंच चित्र तुमच्याकडे येईल. बाकी वेळ लाइन मोकळी राहील.

महादेवप्पांनी चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, चोरानं तो डबाच नेला तर? सुकन्या म्हणाली, डबा गोदामात नको, घरात ठेवू, अव्वांच्या कपाटात. अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाल्या की त्यांच्या कपाटाला हात लावायची आजवर कुणाची हिंमत झालेली नाही. श्रीशैलला हसू फुटलं, आणि महादेवप्पांनाही मान हलवावी लागली.

"परीक्षेपुरतं कर," ते म्हणाले. "नंतरचं नंतर बघू."

अमरेश सर सकाळच्या गाडीनं उदगीरला उतरले. सुकन्यानं त्यांना आजवर फक्त ऐकलं होतं. समोर आले ते चष्मा लावलेले, बारीक आवाजाचे, बोलण्यात फार काही न दाखवणारे गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, अव्वांच्या हातचे पोहे खाल्ले, वर येऊन तिन्ही टेबलं बघितली आणि कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले. आता खोटे फोन नव्हते. हैदराबादहून खरे फोन इकडे वळवले होते.

पहिले काही फोन सुरेख गेले. लुंबिनीनं भोकरच्या एका म्हाताऱ्याच्या शेळ्यांची सगळी हकीगत काढून घेतली. ते आजोबा फोन ठेवताना तिला जेवायला या म्हणाले. सुकन्यानं एक कन्नड फोन डॉक्टरला जोडून दिला. अमरेश सर कानाला हेडफोन लावून सगळं ऐकत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

मग पुनमला फोन आला. देगलूरच्या पलीकडून, तेलंगणाच्या बाजूच्या एका गावातून. बाईचा आवाज घाबरा होता. तिची म्हैस रात्री दावं तोडून पेंडीच्या पोत्याशी गेली, तिनं पोटभर पेंड खाल्ली आणि आता तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. नवरा गावाला गेलेला. पुनम तिला तेलुगूत धीर देत होती, म्हैस उभी आहे का बसली ते विचारत होती, आणि दुसरीकडून डॉक्टर फोनवर आलेच होते, तेवढ्यात सगळं गेलं.

तिन्ही पडद्यांवर एकाच वेळी. लाइन मेली होती.

सुकन्या खिडकीशी धावली. गल्लीच्या तोंडाशी नालीसाठी जेसीबी खोदत होता आणि त्याच्या दातांत मातीबरोबर काळ्या तारा लोंबत होत्या.

पुनमनं आपल्या मोबाइलवरून त्या बाईला लावून बघितलं. पण पुनमचा फोन खोलीत नेटवर्क पकडत नव्हता. अमरेश सर उठून उभे राहिले. असं होतं कुठेही, ते म्हणाले, तुमचा दोष नाही. पण याचा अर्थ एका लाइनीवर केंद्र चालणार नाही, तो फोन मी हैदराबादला परत घ्यायला सांगतो. हैदराबादला तेव्हा तेलुगू बोलणारी एकच मुलगी होती आणि ती दुसऱ्या फोनवर अडकली होती. त्यांना थांबायला सांगण्यात आलं.

"सर, मला थोडा वेळ द्या," सुकन्या म्हणाली आणि लॅपटॉप उचलून गच्चीवर पळाली.

गच्चीवर नेटवर्क येत असे. तिनं आपला फोन लॅपटॉपला जोडून बघितला. चालत होतं, पण मरतुकडं. पुनमच्या फोनचंही तसंच. तेवढ्यावर ती बाई आणि डॉक्टर एकत्र टिकणार नव्हते. लुंबिनीनं श्रीशैलला फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला की गल्लीत चांगलं नेटवर्क फक्त अप्पांच्या सिमला असतं, त्या कंपनीचा टॉवर मागेच आहे. अप्पा घरीच होते. पाहुणा आला म्हणून ते त्या दिवशी उशिरा निघणार होते, पण सौद्याची वेळ झाली होती आणि फोन त्यांच्या कानालाच होता. मोंढ्यात हरभऱ्याचा सौदा सुरू असताना महादेवप्पांच्या हातातला फोन कुणी मागितल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

सुकन्या जिना उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली. धाप लागल्यामुळे तिला नीट बोलता येईना.

"अप्पा, फोन पाहिजे. तुमचा. एका बाईची म्हैस फुगलीय आणि तिचा फोन आमच्याकडून तुटला."

महादेवप्पांनी तिच्याकडे बघितलं. पलीकडे बोलत असलेल्या माणसाला ते म्हणाले, ठेवतो. फोन तिच्या हातात देताना त्यांनी एकच विचारलं.

"मधीच कुणाचा फोन आला तर तुमचं तुटंल का?"

तुटेल, असं सुकन्या म्हणाली.

"मग न्हाई येणार कुणाचा," ते म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले. थोड्या वेळानं श्रीशैलनं जे बघितलं ते तो पुढं कित्येक दिवस सांगत होता. अप्पा स्कूटरवरून मोंढ्यात आले, दुकानात न शिरता थेट सौद्याच्या गर्दीत गेले आणि शेजारच्या दुकानाच्या गुरुपादप्पांपासून हमालांपर्यंत एकेकाला सांगत सुटले की आज दुपारपर्यंत मला कुणी फोन करायचा न्हाई, माझ्या फोनवर सुनेचं काम चालून राहिलंय.

इकडे गच्चीवर सुकन्यानं पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप ठेवला होता. अप्पांचा फोन तारेनं लॅपटॉपला जोडला आणि नेट भरभरून आलं. आता ते एकटीला मिळून उपयोग नव्हता. तिनं खोलीतली जादा तार वर ओढून घेतली. तिचं एक टोक लॅपटॉपमध्ये, दुसरं खाली स्विचमध्ये. खालून येणारी राउटरची तार तिनं लुंबिनीला उपसायला सांगितली. मग लॅपटॉपमध्ये फोनचं नेट तारेवाटे इतरांना वाटायची सोय चालू केली. अशी सोय असते हे तिला माहीत होतं. नांदेडला शिकत असताना वसतिगृहात चार मुलींनी एका मोबाइलवर असंच चालवलं होतं. पण ते सिनेमे बघायला होतं.

पहिल्यांदा लागलं नाही. ऊन लॅपटॉपवर यायला लागलं होतं, पडद्यावरचं तिला दिसेना. मागून कुणीतरी सावली धरली. अव्वा छत्री घेऊन वर आल्या होत्या. ऊन सरकेल तशी त्या छत्री सरकवत राहिल्या. सुकन्यानं सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. आणि खालून पुनमचा आवाज आला.

"ताई, आलं."

पुनमनं त्या बाईला परत फोन लावला. डॉक्टर जोडले गेले. म्हशीचे पुढचे पाय उंचावर घ्यायला, तिला बसू न द्यायला आणि गावचा डॉक्टर येईपर्यंत काय पाजायचं ते पुनम एकेक वाक्य करून तेलुगूत सांगत होती आणि त्या बाईकडून पुन्हा वदवून घेत होती. मध्ये ती बाई रडायला लागली. पुनमनं तिला अक्का म्हणत दटावलं की रडायचं नंतर, आधी म्हैस उभी कर. शेजारच्या खुर्चीवर लुंबिनी दुसरा फोन घेत होती, आणि वर टाकीच्या सावलीत सुकन्या कन्नडमधून तिसरा. तिघींचे तीन फोन एकाच वेळी चालू होते, एका मोबाइलवर. एकाचाही आवाज तुटत नव्हता.

अमरेश सर कोपऱ्यातून उठून जिन्यानं वर आले. गच्चीच्या दारात उभे राहून त्यांनी छत्री धरलेल्या अव्वांना, लॅपटॉपला लटकलेल्या फोनला आणि कठड्यावरून खाली खिडकीत गेलेल्या तारेला बघितलं. सुकन्या फोनवर होती म्हणून ते थांबले. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं की हे तुम्ही आधी ठरवून ठेवलं होतं का. ती नाही म्हणाली. आता मात्र ठरवून ठेवू, असंही म्हणाली.

दुपार कलली तेव्हा त्या बाईचा फोन स्वतःहून आला. गावचा डॉक्टर येऊन गेला होता. म्हशीचं पोट उतरलं होतं आणि ती रवंथ करत होती. हे सांगून झाल्यावर तिनं आपला फोन म्हशीच्या तोंडाशी धरला असावा, कारण पुनमच्या कानात एक लांबलचक फुरफुर ऐकू आली. पुनमनं हेडफोन काढला आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. लुंबिनी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि तिचेही डोळे भरले.

संध्याकाळच्या गाडीआधी अमरेश सरांनी खाली बसून आपलं म्हणणं सांगितलं. सोमवारपासून सीमेकडचे फोन उदगीरला येतील. बाहेरची तार तुटली तर मोबाइलवर घ्यायची सोय कायमची करा, त्यासाठी लागणारं यंत्र कंपनी पाठवेल. आणि आणखी दोन बायका शोधा, फोन वाढणार आहेत.

महादेवप्पा तोवर परत आले होते. मोंढ्यात दिवसभर त्यांना जो तो विचारत राहिला होता की सून नेमकं काय करते, आणि त्यांना ते नीट सांगता आलं नव्हतं. आता ते अमरेश सरांसमोर बसले आणि त्यांनी सगळं विचारून घेतलं. फोन कुठून येतो, डॉक्टर कुठे बसतो, इथल्या बाईनं मध्ये काय करायचं. ऐकून झाल्यावर ते सुकन्याकडे वळले.

"ते कॅमेऱ्याचं तू केलंस ना, ते तसंच राहू दे," ते म्हणाले. "आन् दोघी अजून येणार म्हणतेत, तर वरची खोली लहान पडंल. गोदामाच्या वरची घे. तिथं वारं बी येतंय."

सोमवारी सकाळी ती खोली झाडून, पांढरी करून तयार होती. तार या वेळी महादेवप्पांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली, आणि भिंतीवर खिळा कुठे मारायचा यावरून श्रीशैलशी वादही घातला. पुनम आणि लुंबिनी वेळेआधी आल्या. टेबलांवर तिन्ही लॅपटॉप, बाजूला दोन रिकाम्या खुर्च्या. खाली गोदामात पोती उतरत होती, त्यांचा धुरळा उन्हात तरंगत होता.

पहिला फोन सुकन्याकडे आला. पलीकडे औरादच्या बाजूचा एक माणूस होता, त्याच्या गाईनं दोन दिवस चारा सोडला होता. कुणाशी बोलतोय, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

सुकन्यानं हेडफोन नीट केला, ताठ बसली आणि त्याच्याच भाषेत सांगितलं की हे उदगीरचं केंद्र आहे, आणि बोला, मी ऐकतेय.